फोटोत बुडबुडे नकोत

आमच्या सोसायटीत नवीन लागलेल्या वॉचमनने एकदा भरदुपारी घाबरून आमची बेल वाजवली. तुमच्या बाल्कनीत कोणी माणूस लटकलाय, म्हणाला. माणूस कसला, माझ्या नवऱ्याचा डायव्हिंगचा सूट होता, हँगरला अडकवून वाळत घातलेला. जाड काळ्या रबराचा असतो तो. समुद्रातून आणला की गोड्या पाण्यात खळबळून सावलीत वाळवायचा, आणि ओला असेपर्यंत हातपाय सोडून असा लोंबकळतो की भल्याभल्यांना धडकी भरावी. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मग मला जिन्यात गाठलंच. मी सांगितलं, आम्ही पाठीला सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी जातो आणि माशांचे फोटो काढतो. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "बिबवेवाडीत राहून?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं.

हे खूळ घरात आणलं नवऱ्याने. तो हिंजवडीला नोकरीला. बिबवेवाडी ते हिंजवडी आणि परत, म्हणजे निम्मं आयुष्य कंपनीच्या बसमध्ये. ऑफिसच्या सहलीला मालवणकडे गेला, तिथे कोणीतरी त्याला पाण्याखाली नेलं, आणि जिथे हॉर्न ऐकूच येत नाही अशी एक जागा जगात आहे हे त्याला कळलं. झालं. परत आला तो वेगळाच माणूस. त्याच्यामागे आमची मुलगी गेली, आणि हे दोघे बुडाले तर निदान आपण जवळ असावं म्हणून मी गेले. कॅमेरा मात्र माझ्याकडे आला. बाकी दोघांना फोटोतलं काही कळत नाही, हे त्यांनाही मान्य आहे.

पाण्याखालचा कॅमेरा म्हणजे एक व्रत असतं. कॅमेरा एका भक्कम डब्यात बसवायचा, डब्याच्या तोंडाला एक रबरी कडं असतं, त्याला बोटाने ग्रीस लावायचं. कड्यावर एक केस जरी राहिला तरी पाणी आत शिरतं आणि कॅमेऱ्याला रामराम म्हणायचा. म्हणून सहलीच्या आदल्या दिवशी आमच्याकडे जेवणाच्या टेबलावर सोवळं. पंखा बंद, सगळ्यांचे केस बांधलेले, कोणी शिंकायचं नाही. परत आल्यावर त्याच टेबलावर फोटो बघायचे, आणि तिथे माझा तोंडाचा पट्टा सुटायचा. कारण नवरा. दोन दिवस वाट बघून एखादं समुद्री घोड्याचं पिल्लू सापडावं, मी श्वास सांभाळत जवळ जावं, आणि ऐन वेळी ह्यांच्या तोंडून बुडबुड्यांचं कारंजं. मासा पळाला, फोटो नासला. मी किती वेळा ओरडले असेन त्याची गणतीच नाही. फोटोत बुडबुडे नकोत, एवढी एकच गोष्ट मागते मी ह्या घरात, असं म्हणायचे. नवरा निर्लज्जासारखा हसायचा.

तेव्हा त्या टेबलाच्या कोपऱ्यावर पेपर वाचत बसलेले असायचे माझे सासरे. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो.

आबा मूळचे लोणी काळभोरचे. सासूबाई गेल्या आणि त्यानंतर थोड्याच काळात त्यांच्या मळ्यातली विहीर बुजवली गेली. जमिनीच्या वाटण्या झाल्या होत्या, विहीर ज्या तुकड्यात आली तिथे प्लॉट पडले. ट्रक भरभरून मुरूम आणून ओतला. आबांनी त्या विहिरीत निम्म्या गावाला पोहायला शिकवलेलं होतं. दम धरून तळाला जायचं आणि मूठभर गाळ वर आणून दाखवायचा, ह्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, असं गावातले लोक अजून सांगतात. विहीर बुजल्यावर नवरा त्यांना पुण्याला घेऊन आला. सकाळी उठून मार्केट यार्डात एक चक्कर मारायची, काही घ्यायचं नाही, नुसते भाव विचारायचे, आणि घरी येऊन गप्प बसायचं, असा त्यांचा दिवस जायचा.

माझ्याशी ते बोलायचेच नाहीत. राग वगैरे नाही हो. त्यांच्याकडे सासऱ्याने सुनेशी समोरासमोर बोलायची रीतच नव्हती. मी हातभर अंतरावर उभी असले तरी नातीला सांगायचे, "तुझ्या आईला म्हणावं, चहा झाक हाय." माझ्याकडे बघायचेही नाहीत. नजर भिंतीवर. मी पुण्यातल्या शाळेत विज्ञान शिकवणारी, दिवसभर साठ पोरांशी बोलणारी बाई. सुरुवातीला मला अपमान वाटायचा. मग सवय झाली, पण आत कुठेतरी लागून राहिलं होतं. लग्नाला वीस वर्षं होत आली आणि ह्या माणसाने मला एकदा धड बघितलेलं नाही, असं वाटायचं.

एके दिवशी मुलगी फोटो दाखवत होती तेव्हा आबांनी पेपर खाली ठेवला. पाणी निळं होतं आणि खाली पांढरी वाळू स्वच्छ दिसत होती. त्यांनी विचारलं, तळ असा दिसतोय का तिथं? मुलगी म्हणाली, हो, एकदम क्लिअर. आबांनी त्या फोटोतल्या वाळूवर बोट टेकवलं. मग म्हणाले, "सारी हयात तळाला हात लावला मी. बघितला न्हाई कधी." विहिरीचं पाणी हिरवं, गढूळ. सगळं हाताने चाचपूनच.

पोरीने तिथल्या तिथे ठरवून टाकलं की आबांना न्यायचं. मी म्हटलं, वेड लागलंय तुला, सत्तरी उलटलेला माणूस. पण डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि म्हणाले, ह्यांची छाती तुमच्यापेक्षा बरी आहे. मग मीच जाऊन त्यांच्यासाठी पोहायची चड्डी आणि टॉवेल घेऊन आले.

पुण्यात डायव्हिंग शिकवणाऱ्या आमच्या एक ताई आहेत. पोहण्याच्या तलावाच्या खोल टोकाला त्यांचा वर्ग चालतो. अतिशय कडक आणि मोजकं बोलणाऱ्या. पहिल्या दिवशी त्या प्रत्येकाला एकच नियम तीनतीनदा म्हणायला लावतात, पाण्याखाली दम कधीही धरायचा नाही. सिलिंडरमधली हवा घेऊन माणूस वर आला की ती छातीत फुगत जाते. श्वास सोडत राहिलं तर काही होत नाही. दम धरून वर आलं तर फुप्फुस फाटू शकतं, अगदी तलावातसुद्धा. विहिरीत शिकलेल्या माणसाला हे किती उलटं वाटलं असेल बघा. पण आबांनी मान डोलावली आणि ताईंसमोर अगदी शहाण्यासारखा श्वास घेतला, सोडला, घेतला, सोडला. मुख्य अडचण आली मिशीची. मिशीमुळे मास्क चेहऱ्याला चिकटेना, पाणी आत येई. नवऱ्याने मिशी कापायचं सुचवलं तेव्हा आबांनी त्याच्याकडे असं बघितलं की तो विषय संपला. शेवटी कॅमेऱ्याच्या कड्याला लावायचं माझं ग्रीस त्यांच्या मिशीला चोपडलं. झकास काम झालं.

वर्ग संपला की ताई दुसऱ्या विद्यार्थ्यांकडे वळायच्या आणि आम्हाला थोडा वेळ आपापला सराव करायला सोडायच्या. तेव्हा मी कॅमेरा घेऊन उतरायचे. मला ते कधी विसरता येणार नाही. आबा तळाशी गुडघ्यांवर बसलेले, मी समोर गेले, कॅमेरा उचलला, आणि त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. भिंतीकडे नाही, माझ्याकडे. मास्कच्या काचेमागे ते तपकिरी, जरा पाणावलेले डोळे. जमिनीवर जे वीस वर्षांत झालं नाही ते पाण्यात एका मिनिटात झालं, आणि मी हावरटासारखे फोटो काढत सुटले. दर रविवारी. ह्या बाजूने, त्या बाजूने. ते तसेच स्थिर बसायचे, जणू स्टुडिओत आलेत.

आणि काय फोटो आले हो! मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. टेबलावर मी नवऱ्याला खिजवलं, बघ, तुझे वडील बघ, ह्याला म्हणतात पाण्यातला माणूस, चेहऱ्यासमोर एक बुडबुडा नाही. दोन-तीन फोटोंत तर ते तळापासून जरासे वर उचललेले, अधांतरी दिसत होते. आम्हाला दोन दोन वर्षं असं तरंगायला जमलं नव्हतं, आणि हे बघा, असं सगळं कौतुक चाललेलं. एक फोटो गावाच्या ग्रुपवर गेला, चुलत दिरांनी स्टेटसला ठेवला, लोणीहून फोन आले. आबा पेपरच्या आड बसून ऐकत होते. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या त्यांच्या.

मोठ्या दिमाखात मी तेच फोटो ताईंना पाठवले. समुद्रावर जायला आठवडा राहिला होता. ताईंचा लगेच फोन आला.

"बुडबुडे कुठे आहेत?"

मी म्हटलं, तेच तर, किती स्वच्छ आलेत ना.

"अहो, तुम्ही विज्ञान शिकवता ना? बुडबुडे नाहीत म्हणजे माणूस श्वास घेत नाहीये. एकाही फोटोत घेत नाहीये. छाती भरून धरलीये म्हणून वर उचलला जातोय. मी ह्यांना समुद्रात नेणार नाही."

मी ते सगळे फोटो पुन्हा एकेक करून बघितले. घरातल्या तिघांनाही श्वास कसा घ्यायचा ते कळतं, आम्ही तिघेही तो नियम झोपेत म्हणून दाखवू, आणि आम्ही तिघे मिळून काय बघत होतो? फोटो.

आबांना सांगायचं काम नवऱ्याने अंगावर घेतलं आणि नेहमीप्रमाणे इतकं गोल गोल बोलला की शेवटी मुलीनेच सांगून टाकलं. पोहण्यासाठी घेतलेली नवी चड्डी आणि टॉवेल त्यांनी नीट घडी करून कपाटाच्या वरच्या कप्प्यात, हात पोहोचणार नाही अशा जागी ठेवला. दुसऱ्या दिवशी मार्केट यार्डातही गेले नाहीत. मुलगी रडली, आमच्यावर चिडली, आणि मग ताईंच्या मागे लागली. एकदा, फक्त एकदा बघा, ते तुमच्यासमोर नीट करतात. ताई कशाबशा तयार झाल्या. त्यांनी मला मात्र बजावलं, तुम्ही पण या, आणि तो डबा घेऊन या.

तलावात त्या आबांच्या समोर बसल्या. मी लांब, बाजूला. आबांचे बुडबुडे छान एका लयीत वर चालले होते. ताईंनी मला हाताने जवळ बोलावलं. मी पुढे आले, कॅमेरा उचलला. बुडबुडे थांबले. आबांनी माझ्याकडे बघितलं, तेच ते डोळे, आणि छाती भरून स्तब्ध झाले. मी कॅमेरा खाली केला. बुडबुडे सुरू. ताईंनी खूण केली, परत. मी परत उचलला. परत थांबले. त्यानंतर तो उचलायची हिंमत मला झाली नाही. ताईंनी त्यांना श्वास सोडायला लावला आणि हात धरून हळूहळू वर आणलं.

काठावर बसल्यावर ताईंनी विचारलं, आबा, कॅमेरा आला की तुम्ही दम का धरता? आबा मिशीवरचं ग्रीस पुसत राहिले. मुलीने विचारलं, तरी तेच. मग मी त्यांच्यासमोर जाऊन पाण्यातच काठाला धरून राहिले. म्हटलं, आबा, आज तिला नका सांगू, मला सांगा.

ते भिंतीकडे बघायला लागले. मला वाटलं, झालं, आता नातीमार्फत निरोप येणार. पण ते माझ्याकडे वळले.

"अगं, तूच म्हणतीस ना, बुडबुड्यांनी फोटो नासतोय. एवढी जिवापाड काळजी घिऊन तू तो डबा पाण्यात आणती. पोरगं तर तुझं ऐकत न्हाई. म्हटलं, माझ्यापायी तरी कशाला नासवायचा."

मला इतका राग आला म्हणून सांगू. ओरडावंसं वाटलं, अहो, जीव गेला असता तुमचा, एका फोटोसाठी! तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. भर तलावात, पोहायला आलेल्या लोकांसमोर, विज्ञानाच्या बाईंना हुंदके आवरेनात. वीस वर्षं मला वाटत होतं की हा माणूस माझं काही ऐकत नाही. अख्ख्या घरात माझं बोलणं ऐकणारा तेवढा एकच निघाला. आबा अवघडून गेले आणि नातीला म्हणाले, तुझ्या आईला टॉवेल दे.

ताई मात्र लगेच कामाला लागल्या. त्या म्हणाल्या, ह्यावर उपाय आहे. वर येताना तोंडाने सारखा आवाज करत राहायचा, गुणगुणायचं. आवाज निघतोय म्हणजे हवा निघतेय. काहीही गुणगुणा. आबांनी थोडा विचार केला. बैल पाण्यावर नेला की तो पोटभर प्यावा म्हणून शेतकरी एक बारीक, लांब सूर लावतो, शीळ घालतो. तोंडात नळी असताना शीळ कुठून येणार, म्हणून त्यांनी तोच सूर घशातून काढला. त्या दिवशी तलावात ते तसा सूर लावत कितीतरी वेळा खाली गेले आणि वर आले. मी काठावर बसून कान देऊन ऐकत होते. ताई शेवटी म्हणाल्या, नेते. पण पाण्यात कॅमेरा येणार नाही. मी म्हटलं, ते तुम्ही सांगायची गरज नाही.

समुद्रावर गेलो त्या सकाळी वारा नव्हता. नवऱ्याचं नाक सर्दीने चोंदलेलं. तसं असलं की कान दुखतात, खाली जाता येत नाही, म्हणून तो बोटीवरच थांबला. मिशीला ग्रीस लावायचं काम मात्र त्याने मन लावून केलं. बाप मान वर करून बसलेला आणि मुलगा बोटाने मिशी चोपडतोय, हे बघायला बोटीवरचे सगळे गोळा झाले होते. मग आम्ही उतरलो. ताई आबांच्या समोर, त्यांचा पट्टा धरून. एका बाजूला मुलगी, दुसऱ्या बाजूला मी.

हात मोकळे असण्याची मला सवयच नव्हती. कुठे ठेवावेत कळेना. शेवटी मी आबांचा दंड धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं, आणि दोन्ही हातांच्या बोटांनी कॅमेऱ्याचा चौकोन करून विचारलं, कुठाय? मी मान हलवली. मोठा श्वास घेतला, सोडला, आणि त्यांच्या छातीकडे बोट दाखवलं. ते क्षणभर थांबले. मग त्यांनी श्वास सोडला. भरभरून सोडला. बुडबुड्यांचा एवढा मोठा लोट माझ्या तोंडावरून वर गेला की मला समोरचं काही दिसेना, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

खाली वाळू होती. दगडांवर पिवळे-काळे मासे चरत होते. एरवी मी त्यांच्यासाठी जीव टाकला असता. आबांनी माशांकडे बघितलंसुद्धा नाही. ते आडवे होऊन वाळूकडे बघत राहिले. एक हात पुढे गेला, मूठ वळायला आली. ताईंनी मानेने नाही म्हटलं, तळाला हात लावायचा नसतो, तसा त्यांनी तो मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून ठेवले. हात मागे बांधून मार्केट यार्डात फिरतात ना, तसेच ते समुद्राच्या तळावरून हळूहळू सरकत होते. दिसेल तो तळ नीट बघून घेत होते.

वर येताना तो सूर सुरू झाला. पाण्यात आवाज सगळीकडून येतो, त्यामुळे तो नक्की कुठून येतोय कळत नव्हतं, पण एकदाही तुटला नाही. मी त्यांच्या दंडाला धरून तो ऐकत ऐकत वर आले.

नवऱ्याने आणि नावाड्याने मिळून त्यांना बोटीवर ओढून घेतलं. मास्क काढला, खांद्यांवर टॉवेल टाकला. नवरा सारखा विचारत होता, आबा, बरं वाटतंय ना, बरं वाटतंय ना. आबांनी त्याला हाताने गप्प केलं. बराच वेळ ते नुसते श्वास घेत बसले. मग मान वळवून सरळ माझ्याकडे बघितलं.

"फोटो न्हाई काढला ना?"

"नाही, आबा."

"बरं झालं," ते म्हणाले. "लई बुडबुडे सोडले मी आज."